डंपर दाजी विरुद्ध मास्तर मगदूम

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मास्तर मगदूम सलग सतराव्यांदा हरला, आणि माझे वडील हसले.

माझे वडील, म्हणजे अण्णा, हसण्याबद्दल प्रसिद्ध नव्हते. जयसिंगपुरात आमचं सरकी पेंडीचं दुकान होतं, आणि गल्ल्यावर बसलेल्या अण्णांच्या तोंडावरची रेघ हललेली पाहिली, असं सांगणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचं आहे. पण त्या दिवशी ते दुकानावरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीत गुडघ्यांवर पंजे ठेवून बसले होते. पायाशी सतरंजीवर वीस-पंचवीस पोरं होती. समोर माझा मित्र नौशाद मुजावर शंभरपानी वही हातात धरून सांगत होता, की डंपर दाजीनं मगदूमला कसा उचलला, डोक्यावर कसा फिरवला आणि आखाड्याबाहेरच्या भज्याच्या गाड्यावर कसा नेऊन टाकला.

"मास्तर उठला," नौशाद म्हणाला आणि थांबला. कुठं थांबायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. "चष्मा हुडकला. हजेरीची वही काखेत मारली. आणि दाजीला म्हणाला, आज तुम्ही हजर. माझी गैरहजेरी मांडा."

पोरं सतरंजीवर लोळली. अण्णांचे खांदे हलले. सुकुमार चौगुले नावाचा आमच्याच गल्लीतला मित्र माझ्या पाठीत थाप घालून म्हणाला, की मास्तर, पुढच्या शनिवारी तरी हजर व्हा. मीही दात दाखवले. दात दाखवले की लोक त्याला हसणं समजतात, हा त्यातला फायदा.

कारण मास्तर मगदूम म्हणजे मी. सम्मेद मगदूम, वय वीस, वजन एक्कावन्न किलो, चष्मा साडेतीन नंबरचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. या गोष्टीला आता अठरा-एकोणीस वर्षं झाली. माझ्या मामानं दुकानाच्या वर कॉम्प्युटर क्लास काढला होता, दोन वर्षांत त्याला पुण्यात नोकरी लागली, आणि चार कॉम्प्युटर, एक फळा आणि क्लासची किल्ली माझ्या गळ्यात पडली. मी आठवड्याचे पाच दिवस पोरांना शिकवायचो. म्हणून मी मास्तर.

तो खेळ मामाच्याच एका सीडीत सापडला. कुस्त्यांची कंपनी चालवायचा खेळ. त्यात चित्र नाही, आवाज नाही, नुसत्या याद्या आणि आकडे. कंपनीचे मालक तुम्ही. कुठले पैलवान घ्यायचे, कुणाला कुणाशी लढवायचं, कोण जिंकणार, कोण हरणार, सगळं तुम्हीच आधी ठरवायचं. ठरवून झालं की कॉम्प्युटर त्या मैदानाला शंभरपैकी मार्क द्यायचा. प्रत्येक पैलवानाचं नाव किती चढलं, किती उतरलं, तेही दाखवायचा. त्यात आपल्या मनाचे पैलवान घालता यायचे, म्हणून आम्ही गावातली माणसं घातली. डंपर दाजी म्हणजे नदीकाठचा एक वाळूवाला.

अण्णांनी पहिल्याच दिवशी खोलीच्या दारातून पाहून निकाल दिला होता. "कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं? मग ही नुराच की रं."

नुरा म्हणजे आधी ठरवून लढलेली लुटुपुटीची कुस्ती. आमच्या घरात हा शब्द शिवीसारखा होता. अण्णा तरुणपणी पैलवान होते, पाच जिल्ह्यांतली मैदानं केलेले. एका जत्रेत कमिटीनं त्यांना सांगितलं, समोरचा पैलवान आपल्या माणसाचा आहे, जरा बरोबरीत सोडव. अण्णांनी त्याला सहा मिनिटांत चितपट केला. त्या दिवशी त्यांना मिळालेला जांभळ्या काठाचा केशरी फेटा आमच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला होता. पुढं त्या कमिटीनं त्यांचं नाव कुठल्याच मैदानात येऊ दिलं नाही. वर्षभर वाट पाहून अण्णांनी लंगोट खुंटीला टांगला आणि पेंड विकायला बसले. त्या फेट्याला घरात कुणी हात लावायचा नाही. आणि माझ्याशी कुस्तीबद्दल अण्णा उभ्या जन्मात तीन वाक्यं बोलले नसतील. एक्कावन्न किलोच्या पोराशी काय बोलणार.

माझी आणि नौशादची अशा दोन कंपन्या होत्या, एकाच कॉम्प्युटरवर दोन वेगळ्या फायली. खेळ मी शिकलो आणि नौशादला मीच शिकवला. आकडे कसे हलतात याचे सात नियम मी शोधून काढले आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहून ठेवले, खाली 'पुसू नये' असंही लिहिलं. माझी कंपनी त्या नियमांवर चालायची. सगळ्यांत नावाजलेले पैलवान उचलायचे, त्यांनाच दर आठवड्याला एकमेकांवर सोडायचं. मार्क अठ्ठ्याऐंशीच्या खाली कधी नाही. नौशादचे एकसष्ट, बासष्ट. एकदा तर चोपन्न.

पण पोरं यायची ती नौशादसाठी.

पहिले दोन शनिवार मीही माझी मैदानं वाचून दाखवली. कोण कुणाशी, निकाल, मार्क. दुसऱ्या शनिवारी वाचता वाचता वर पाहिलं, तर सुकुमार पंख्याकडे बघत होता. नंतर नौशादनं वही उघडली. निकाल त्यानंही आधी कॉम्प्युटरवर ठरवलेले असायचे, पण तो ते सांगायचा. दाजीची सासू आखाड्याजवळ येऊन त्याला शिव्या द्यायची. पंचाला दिसत नसायचं पण तो ते कबूल करत नसायचा. मास्तर मगदूम हजेरीची वही घेऊन आखाड्यात उतरायचा, समोरच्या पैलवानाचं नाव पुकारायचा आणि तो 'हजर' म्हणेपर्यंत लढायला तयार नसायचा. चौथ्या शनिवारी पोरं वीस झाली. माझं वाचन कधी बंद झालं हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मला तारीख आठवते.

नौशादच्या चुलत्याचा बँड होता, लग्नातला. नौशाद त्यात कॉर्नेट वाजवायचा. मी त्याला एकदा न राहवून म्हटलं, की तुझे मार्क बघ, तुझा सगळ्यांत मोठा पैलवान दाजी आणि तू त्याला महिनाभर चुरशीची कुस्तीच देत नाहीस, कंपनी बुडेल. तो खिडकीत बसून शेंगा खात होता.

"सम्या, वरातीत पहिल्याच चौकात हुकमी गाणं वाजवलं तर मांडवाच्या दारात काय वाजवायचं?" तो म्हणाला. "लोकं तवर घरला गेलेली असत्यात."

मी म्हटलं, खेळ वेगळा, वरात वेगळी. तो म्हणाला, असंल बाबा, आणि मला मूठभर शेंगा दिल्या. असा होता. भांडायचं म्हटलं तरी भांडू द्यायचा नाही.

मग अण्णा वर यायला लागले. पहिल्यांदा ते पंखा दुरुस्तीला आलेल्या माणसाला जागा दाखवायला आले आणि दारातच उभे राहिले. नौशाद सांगत होता, दाजीनं एकाला घिस्सा मारला. अण्णा मध्येच म्हणाले, की तसा हात धरून घिस्सा बसत नाही. नौशाद उठला, त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाला, "मग कसा बसतोय ते सांगा की काका." आणि अण्णांनी सांगितलं. वीस वर्षं ज्या माणसाच्या तोंडून मी एक डाव ऐकला नव्हता, तो माणूस वीस पोरांसमोर मनगट कसं वळवायचं ते दाखवत होता.

त्यानंतर ते दर शनिवारी पावणेचारला दुकान गड्यावर सोपवून वर यायचे. मधल्या दिवसांत ते मला विचारायचे, "मुजावराचा पोरगा आला न्हाई आज?" मी शेजारी बसलेलो असायचो. एकदा कॉलेजातून परत आलो तर दुकानामागच्या गोदामात पेंडीच्या पोत्यांवर नौशाद उताणा पडला होता आणि अण्णा त्याच्यावर वाकले होते. मी घाबरलो. तर दोघं हसत उठले. अण्णा त्याला ढाक शिकवत होते. ढाक हा अण्णांचा हुकमी डाव, ज्यावर त्यांनी तो फेटा जिंकला होता. मला पाहून अण्णांनी हात झटकले, धोतर नीट केलं आणि म्हणाले, की चहा झालाय घरात.

मी चहा प्यायलो. पण त्या दिवसापासून मला नौशाद नकोसा झाला. त्याचं बोलणं नको, त्याच्या शेंगा नकोत, त्याचं ते वहीचं पान उलटताना बोट जिभेला लावणं नको. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण इथं माझं पीक उचलून दुसरा माझ्याच दारात विकत होता, आणि गिऱ्हाईक माझा बाप होता. वर तो मला दर शनिवारी हरवत होता. बाकीचे पैलवान कधी हरायचे, कधी जिंकायचे. मगदूम फक्त हरायचा. कधी दोन मिनिटांत नाही, अगदी घाम फोडून हरायचा, पण हरायचा. दाजीकडून, दाजीच्या भावाकडून, एकदा तर वादळात मंडप अंगावर पडून. पोरं मला रस्त्यात 'गैरहजर' म्हणून हाक मारायला लागली होती. क्लासच्या मुलींपर्यंत ते पोचलं होतं.

अठराव्या शनिवारी नौशादची 'जत्रा' होती. म्हणजे वर्षातलं सगळ्यांत मोठं मैदान. त्यानं तीन आठवड्यांपासून हवा केली होती आणि शेवटची कुस्ती कोणाची, हे मात्र सांगितलं नव्हतं. सुकुमार तालमीतली पोरं आणणार होता. त्या आठवड्यात दोनदा मी नौशादला आणि अण्णांना दुकानात हळू आवाजात बोलताना पाहिलं, आणि दोन्ही वेळा मला बघून ते गप्प झाले. गुरुवारी जेवताना अण्णांनी मान वर न करता विचारलं, "शनिवारी वर हाईस न्हवं तू?"

मी म्हटलं, असतोच की.

"असणार हाईस ना, ते सांग. चुकवू नगंस." आणि त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

त्या हसण्यानं मला दोन घास गिळवले नाहीत.

शुक्रवारी सकाळी नौशादच्या बँडला निपाणीची सुपारी होती. आठ वाजता आमच्या दुकानासमोरच्या चौकातून त्यांचा टेम्पो भरून गेला, ढोल बाहेर लोंबकळत. नौशादनं टेम्पोतून मला हात केला, उद्या दुपारपर्यंत येतो म्हणून ओरडला. अण्णा दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनीही त्याला हात केला.

मी वर गेलो. अकरापर्यंत क्लास नव्हता. कोपऱ्यातला कॉम्प्युटर सुरू केला आणि नौशादची फाइल उघडली. चोरून बघतोय असं मी स्वतःशी म्हटलं नाही. क्लास माझा, कॉम्प्युटर माझा, खेळ मी शिकवलेला. 'जत्रा' उघडली. आठ कुस्त्या लावून ठेवलेल्या होत्या. सात कुस्त्यांपुढं निकाल भरलेले होते. शेवटच्या कुस्तीत लिहिलं होतं: डंपर दाजी विरुद्ध मास्तर मगदूम. निकालाची जागा रिकामी.

रिकामी का, हे मला तेव्हा सुचलं ते असं, की तिथं भरायची गरजच काय. अठरावा मार. तालमीच्या पोरांसमोर, क्लासच्या मुलींसमोर, आणि अण्णांना खास खुर्चीत बसवून. यासाठी ती कुजबुज. यासाठी चुकवू नगंस. मला ते सगळं ऐकूच आलं: दाजी मला उचलतोय, कुठंतरी नेऊन टाकतोय, बहुतेक पेंडीच्या पोत्यांवर, कारण अण्णांना ते जास्त आवडेल. आणि अण्णांचे खांदे हलताहेत.

मी फाइल पुसली. कॉम्प्युटरनं विचारलं, खात्री आहे का. मी म्हटलं, आहे. मग कचऱ्याच्या डब्यात जाऊन तिथूनही पुसली. तिथंही त्यानं विचारलं. त्या सबंध वर्षात दोन वेळा माझं मत कुणी विचारलं ते असं. मग मी खाली जाऊन अण्णांना म्हटलं की गड्याला जेवायला पाठवा, मी बसतो दुकानात. माझ्या अंगात एकदम कामाचा उत्साह आला होता.

शनिवारी साडेतीनलाच खोली भरली. सतरंजी पुरेना म्हणून पोरं पोती घेऊन आली आणि त्यावर बसली. तालमीतली कान मोडलेली सहा पोरं भिंतीला टेकून उभी राहिली. अण्णा धुतलेलं धोतर नेसून आले. नौशाद पावणेचारला आला, निपाणीहून थेट, बँडचा लाल कोट अजून अंगात. तो कॉम्प्युटरसमोर बसला. निकाल भरायचा, कॉम्प्युटर चालवायचा आणि मग सांगायचं, अशी त्याची रीत होती.

मी फळ्याजवळ उभा होतो. त्याची पाठ माझ्याकडे होती. त्यानं एकदा शोधलं. दुसऱ्यांदा शोधलं. मग कचऱ्याचा डबा उघडून पाहिला. त्याचा हात माउसवर थांबला. पोरांत कुणीतरी म्हणालं, चालू कर की लेका. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित माझ्या तोंडावर सगळं दिसलं असतं, आणि कदाचित म्हणूनच त्यानं पाहिलं नाही. मी वाट बघत होतो, की आता तो उठेल, आता म्हणेल की कुणी केलं हे. किल्ली एकाच्याच खिशात होती. मी उत्तरं तयार ठेवली होती. व्हायरस, लाइट गेली होती, तूच कुठंतरी ठेवली असशील.

तो खुर्ची फिरवून पोरांकडे वळला.

"माफी करा दोस्तांनो," तो म्हणाला. "काल माझ्याच हातनं फाइल उडाली. काहीतरी साफ करायला गेलो आणि सगळंच साफ झालं."

खोलीत हळहळ झाली. तालमीतल्या एकानं पाय उचलला, जायला. नौशादनं हात वर केला. त्याची वहीसुद्धा त्यानं उघडली नाही.

"फाइल उडाली. जत्रा न्हाई उडाली. बसा."

आणि त्यानं आठही कुस्त्या तोंडानं सांगितल्या. मी त्याची बरीच सांगणी ऐकली होती, पण तसं त्यानं आधी कधी सांगितलं नव्हतं आणि नंतर मला ऐकायला मिळालं नाही. सातव्या कुस्तीनंतर त्यानं पाणी मागितलं, सावकाश प्यायलं, आणि सांगितलं की आता शेवटची जोड. डंपर दाजी आणि मास्तर मगदूम. पोरांनी शिट्ट्या मारल्या. सुकुमारनं माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं, बिचारा अशा अर्थानं. मी फळ्याच्या कडेला नखं घासत राहिलो. फाइल पुसूनही मार चुकला नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मगदूमनं वही उघडली, हजेरी पुकारली. दाजी हजर म्हणाला. मग दाजीनं त्याला मारला. सतरा शनिवारी जे जे मारलं होतं ते सगळं एकेक करून पुन्हा मारलं, आणि दर वेळी मगदूम उठला. भज्याच्या गाड्यावरून उठला, मंडपाखालून उठला. पोरं आधी हसत होती. तिसऱ्यांदा उठला तेव्हा हसणं कमी झालं. सहाव्यांदा उठला तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. दाजीनं त्याला शेवटचा उचलायला म्हणून गळ्याला मिठी घातली, आणि मगदूमनं त्याचा दंड काखेत धरला.

"मास्तरनं कंबर दिली," नौशाद म्हणाला, आणि आता तो अण्णांकडे बघत होता. "कंबर अशी दिली, जशी एकाच माणसाला देता येत होती या पाच जिल्ह्यांत. ढाक बसली. डंपर दाजीची पाठ मातीला लागली."

तालमीतलं एक पोरगं ओरडलं. नौशाद थांबला. सगळे थांबले.

"मास्तर उठला. चष्मा हुडकला. वही उघडली. म्हणाला, डंपर दाजी?" नौशादनं कानाला हात लावला. "डंपर दाजी?"

"गैरहजर!" पन्नास गळ्यांनी ते म्हटलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. कुणी मला उचललं, कुणी माझा चष्मा सांभाळला. मी पोरांच्या खांद्यांवर होतो आणि मला छत अगदी जवळ दिसत होतं. मला काय होतंय ते मला कळत नव्हतं.

मला खाली ठेवलं तेव्हा समोर अण्णा उभे होते. त्यांच्या हातात तो फेटा होता. खुर्चीखाली पिशवीत घेऊनच ते बसले होते. डांबराच्या गोळ्यांचा वास सगळ्या खोलीत पसरला. अण्णा पोरांना म्हणाले, "दोन महिने झाले, ह्या मुजावराच्या पोरानं मला सांगून ठेवलंय. काका, जत्रंला सम्मेद जिंकणार हाय, फेटा काढून ठेवा. म्या म्हटलं, नुऱ्याला माझा फेटा? तर म्हणाला, मार तर खरा खाल्लाय न्हवं त्यानं." पोरं पुन्हा ओरडली. अण्णांनी मला नौशादच्या खुर्चीत बसवलं.

माझ्या डोळ्यांसमोर फळा आला. उजवा कोपरा, माझं अक्षर. नियम तीन: मोठ्याकडून झुंजून हरणारा खाली येत नाही, त्याचं नाव आत साठत जातं, मोठ्या मैदानात जिंकला की सगळं एकदम मिळतं. वापरायचा धीर मला स्वतःला कधी झाला नव्हता, कारण मधले महिने मार्क पडतात.

अण्णांनी फेटा बांधायला घेतला. त्यांचे हात माझ्या डोक्यावर मी शाळेत जायला लागल्यापासून पडले नव्हते. एक वळसा, दुसरा वळसा. तिसऱ्या वळशाला ते वाकले, आणि त्यांचं तोंड माझ्या कानाशी आलं. पोरांच्या गोंगाटात ते फक्त मला ऐकू आलं.

"काल नौशाद निपाणीत होता," अण्णा म्हणाले. "टेम्पो माझ्या डोळ्यांदेखत गेलाय. त्याच्या हातनं फाइल कशी उडंल?"

मी मान खाली घातली.

"ताठ बस," ते म्हणाले, आणि तुरा काढला.

फेटा उत्तम बसला होता, असं सगळे म्हणाले. मी आरशात पाहिलं नाही. नौशाद लाल कोट घालून दाराशी उभा होता आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि खरं सांगतो, मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. लाज नंतर आली. त्या क्षणी मला त्याचा हेवाच वाटला, आधी कधी वाटला नव्हता एवढा. मला जे जे हवं होतं ते सगळं त्या खोलीत माझ्या डोक्यावर बांधलेलं होतं, आणि ते त्यानं दिलेलं होतं. चोरीसुद्धा त्यानं स्वतःच्या नावावर घेऊन टाकली होती. माझ्याकडे माझं असं काही राहिलं नव्हतं.

पोरं पांगल्यावर मी जिन्यात त्याला गाठला. फेटा अजून डोक्यावर होता. मी म्हटलं, नौशाद, ऐक. तो दोन पायऱ्या खाली होता. त्यानं वर पाहिलं, तेव्हा तो रागावलेला नव्हता. दमलेला दिसत होता, रात्रभर वाजवून आल्यासारखा.

"एक शनिवार थांबायचं हुतंस, सम्या," तो म्हणाला.

त्यानंतर तो वर आला नाही. परीक्षा आहे म्हणाला, मग लग्नसराई आहे म्हणाला. पोरांनी दोन शनिवार वाट पाहिली. तिसऱ्या शनिवारी मी माझं मैदान वाचून दाखवतो म्हटलं, तर सुकुमारला काम निघालं. अण्णांनी तो विषय माझ्यापाशी पुन्हा कधीच काढला नाही. फेटा ट्रंकेत परत गेला. फळा मी स्वतः पुसला.

सहा वर्षांनी माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं ट्रंक उघडून फेटा बाहेर काढला. मी म्हटलं, नको, भाड्याचा आणू. अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. फक्त म्हणाले, बँड मुजावरांचा सांगितलाय.

सकाळी साडेअकराचा मुहूर्त होता. मी घोड्यावर, पुढं लाल कोटांची रांग, आणि रांगेच्या पुढं नौशाद, कॉर्नेट घेऊन. बँड आता त्याचा होता. त्यानं मला पाहून मान लववली, नवऱ्या मुलाला बँडवाले लववतात तशी. पहिला चौक गेला, दुसरा गेला. पोरं हुकमी गाणं मागत होती, तो नाही म्हणत होता, दुसरंच काहीतरी वाजवत होता. सुकुमार घामाघूम होऊन त्याच्याशी भांडला. तो हसला आणि पुढं चालत राहिला.

मांडवाच्या दारात त्यानं हात वर केला. बँड थांबला. कुठपर्यंत थांबायचं हे त्याला अजून ठाऊक होतं. मग त्यानं ते गाणं काढलं, आणि सगळी वरात त्याच्याभोवती गोळा झाली. माझ्या घोड्याजवळ फक्त घोडेवाला उरला.

गर्दी जरा फाकली तेव्हा मला मधोमध अण्णा दिसले. ज्या माणसाच्या तोंडावरची रेघ हलायची नाही, तो माणूस दोन्ही हात वर करून नाचत होता. माझ्याच लग्नात, नौशादच्या गाण्यावर.